लंडनला कसं वागावं हे सांगणारे जोमाकाका

आगरदांड्याच्या धक्क्यावरून होडीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येक माणसाला जोमाकाका लंडनमध्ये कसं वागायचं ते सांगत. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. माणूस बिचारा चाललेला असायचा समोर दिघीला, खाडीपलीकडे, आजारी म्हशीचं औषध आणायला. तोंडात विडा घालून होडीत बसलं तर तो नीट रंगायच्या आत दिघी यायची. पण जोमाकाकांच्या ओट्यावरून हाक ही यायचीच.

"कुठं निघालास रं? दिघीला? बरं, बरं. पन लंडनला गेलास तर ध्यानात ठेव, तिथल्या सूर्यावर भरवसा न्हाय ठेवायचा. सूर्य हाय, पन कामावर येत न्हाय!"

म्हशीचा मालक मान डोलवायचा आणि होडीत बसायचा. म्हैस वाचली तर त्याला पुरे होतं. पण काकांना वाटायचं, माणूस एकदा घराबाहेर पडला की त्याचा काय नेम, आज दिघी, उद्या लंडन.

माझी आणि त्यांची ओळख माझ्या वरातीत झाली. माझं माहेर मांडव्याकडचं. लग्न लावून गलबतातून आम्ही आगरदांड्याला उतरलो. डोक्याला मुंडावळ्या, डोळ्यांत पाणी. धक्क्यावर पाय ठेवते न ठेवते तो एक उंच, काटकुळा माणूस समोर आला. भर वैशाखात डोक्यावर निळी लोकरीची टोपी! मला वाटलं, आशीर्वाद देतोय, म्हणून मी वाकले. तर म्हणतो कसा, "सूनबाय, लंडनला कोनी धक्का मारला तर सॉरी आपन म्हनायचं. मंग तेबी म्हंतात. मंग दोघांनी म्हनत ऱ्हायचं." मी रडत होते ती फिस्सकन हसले. सासरच्या दारात हसत शिरलेली सून म्हणून माझं नाव पुढे वर्षभर गावात गाजत होतं, ते ह्यांच्या कृपेने.

हे जोमा कोळी. तरुणपणी मोठ्या आगबोटींवर खलाशी होते, जग पाहून आलेले. मी त्यांना पाहिलं तोवर मात्र त्यांचं सगळं जग म्हणजे धक्क्याच्या वाटेवरचा तो ओटा. बायको केव्हाच वारलेली. सकाळी ओट्यावर बसायचे, गुडघे कानाशी घेऊन फाटकी जाळी सांधायचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला लंडन शिकवायचे. अख्ख्या गावात लंडनला कधी कोणी जाणार नव्हतं, पण लंडनला मासळी कुठली खाऊ नये हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. "पीठ लावून तळतात आन कागदात गुंडाळून देतात. मीठ न्हाय, तिखट न्हाय. मासळी मेली ती मेली, वर तिचा अपमान!"

त्यांच्या मते लंडन म्हणजे फक्त एक मोठी खाडी होती. "माणसांची भरती सकाळी, व्हटी संध्याकाळी. मधी ऱ्हायलास तर व्हडला जाशील. कडंकडंनं चालायचं." सांगून झालं की शेवटी ठरलेलं वाक्य, "ध्यानात ठेव, कामाला येल." सगळंच काही खरं नसायचं. रविवारी इंग्रज माणूस बोलत नाही, खुणांनी भागवतो, असं ते छातीठोक सांगत. तिथे कांदा मिळत नाही, असंही सांगत. मी पुढे तिथे मण मण कांदा चिरला.

आमच्या सासूबाई आणि जोमाकाका ह्यांचं मात्र विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. दोघं एका वयाची, एकाच गावात वाढलेली. सासूबाई शेतावर जाताना ओट्यासमोर मुद्दाम थांबायच्या. "काय रं लंडनच्या शहाण्या! समोर दिघीत पोटची पोरगी दिली हाईस, तिचा उंबरा बघितलास का अजून? की तिथंबी सूर्य कामावर येत न्हाय?"

सगळ्यांना बोलणारे जोमाकाका इथे मात्र खाली मान घालून जाळं सांधायचे.

आणि हीच त्यांची गावाला न उलगडलेली गोष्ट होती. हा माणूस आगरदांडा सोडायचाच नाही. मुरूडच्या बाजाराला नाही, नात्यातल्या मयताला नाही, आणि दिघीला तर नाहीच. एकुलती एक मुलगी चंद्रा, तिचं लग्न काकांनी अडून बसून स्वतःच्या दारात लावलं आणि तिला होडीत बसवून दिलं ते धक्क्यावरूनच. चंद्राची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिला निघता यायचं नाही. नारळी पुनवेला तेवढी धावतपळत येऊन जायची. पुढे तिला मुलगी झाली. नातीचं जावळ काढलं, तिला दात आले, ती चालायला लागली, आणि आजोबा खाडीच्या ह्या काठावर. आकाश स्वच्छ असलं की चंद्राच्या घराची पांढरी भिंत ओट्यावरून दिसायची. भिंतीपुढे ती सुकटी वाळत घालायला आली की इथून एक ठिपका हलताना दिसायचा. काका हात थांबवून बघत बसायचे आणि कोणी जवळ असलं तर म्हणायचे, "आज हिरवं नेसली हाय."

पोरं चिडवायची, जोमाकाका पाण्याला भितात! साता समुद्रांवर फिरलेला खलाशी, आणि पाण्याला भितो! मीसुद्धा तसंच समजत होते. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा. एवढंसं पाणी, आणि पलीकडे लेक ताटकळत बसलेली.

मग झालं असं, की खरोखरच आमच्या घरातून लंडनला जायची पाळी आली. साल तीसच्या आगेमागे असेल. आमचे हे आधी मुंबईला खाणावळ चालवत होते. एका बॅरिस्टरीला निघालेल्या पोराच्या नादाने तेही विलायतेला गेले, आणि तिथे शिकायला आलेल्या आपल्या मुलांसाठी त्यांनी खाणावळ काढली. धंदा बरा चालला, पण स्वयंपाकी पळाला. मग ह्यांना आईच्या हातची आमटी आठवली, आणि आमटीबरोबर बायकोही आठवली असावी. दोघींना बोलावणं आलं. सासरे नव्हते. धाकट्या दिरांवर भातशेती सोपवून सासूबाई निघायला तयार. दीर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, आईला अक्षर येत नाही, आकडा येत नाही, भाषा येत नाही. एवढ्या मोठ्या शहरात ती हरवली तर आम्हाला परत दिसायची नाही. तुमच्या पदराला बांधून ठेवा." तेव्हापासून लंडनला पोचेपर्यंत मी सासूबाईंचा पदर सोडला नाही.

जोमाकाकांचा आनंद काय वर्णावा! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खरं गिऱ्हाईक मिळालं होतं. सकाळ-संध्याकाळ मला ओट्यावर बोलवायचे. सासूबाई वाटेवर उभ्या राहून ऐकायच्या, मात्र तोंड खाडीकडे, जणू भरती बघतायत.

"सूनबाय, बोंबलाच्या डब्याचं तोंड मेणानं बुजव. न्हाय तर बोटीवर गोरे लोक तुमालाच समुद्रात टाकतील."

"मी तुज्या शिकवणीनं बोंबील बांधू व्हय?" वाटेवरून आवाज.

"तिथला शिपाई मारत न्हाय. खुशाल इचारायचं त्याला. चा बशीत वतून प्याली तर लोक बघतील. बगू दे, जीभ आपली भाजती, त्यांची न्हाय. आन घरं सगळी सारखी. येका रांगंत शंभर दारं, जशी येका साच्यातली. तवा भायेर पडलं की दोन पावलं जाऊन वळायचं आन आपलं दार बगून ठेवायचं. खूण धरायची."

"घरातनं निघताना मागं बघू न्हये," वाटेवरून पुन्हा. "चांगलं न्हाय ते."

"ते आगरदांड्याला!" काका पहिल्यांदाच तिकडे वळून बोलले. "समुद्रात जानारा मागं बगतो. परत येताना किनारा कसा दिसंल ते जाताना बगून ठेवावं लागतं. आन खूण अशी धर जी हलत न्हाय. बोटीची खूण कोन धरतंय का? देवळाची धरतात, डोंगराची धरतात."

शेवटचा धडा त्यांनी निघायच्या दिवशी दिला. तेव्हा हसले नाहीत. "येवढं करूनबी चुकलीस, तर बसायचं. जिथं हायस तिथं बूड टेकायचं आन हलायचं न्हाय. धुकं पडलं की आपन नांगर टाकतो का न्हाय? हरवला त्यानं बसायचं, शोधनार त्यानं फिरायचं. तेबी सरळ न्हाय, घेर घेत, आदी ल्हान मंग मोठा. दोघंबी फिरली," इथे ते जरा थांबले, "तर जल्मात गाठ पडायची न्हाय."

मी वाटेकडे पाहिलं. या वेळी सासूबाईंचं तोंड खाडीकडे नव्हतं, त्या काकांकडे बघत होत्या.

प्रवासाचं काय सांगू! बोंबलाच्या डब्याला मेण अर्थातच लावलेलं नव्हतं. एडन यायच्या आत आमच्या केबिनकडे कोणी फिरकेनासं झालं. सासूबाईंचं म्हणणं, बरंच झालं, चोऱ्या होत नाहीत.

लंडनला गोदीच्या बाजूला भाडं स्वस्त, म्हणून ह्यांची खाणावळ तिकडे. आणि बाई, खरंच! रांगच्या रांग सारख्या घरांची. तीच काळी विटेची भिंत, तोच तपकिरी दरवाजा, त्याच दोन पायऱ्या. सासूबाई पहिल्याच दिवशी रस्त्यात उभ्या राहून म्हणाल्या, "इंदे, मेल्यांना दुसरं काय सुचलं न्हाय?" दारावर आकडा होता, पण तो शिकायला त्यांनी साफ नकार दिला. म्हणाल्या, "या वयात मी भिंती वाचत फिरू?"

मग खूण मीच धरली. गावाकडून रांगोळीची पुरचुंडी आणली होती, लाल रंग आणला होता. रोज सकाळी खाली पायरीवर चांगली ठसठशीत रांगोळी काढायला लागले. दाराला शोभाही आली आणि म्हातारीला खूणही झाली. अख्ख्या लंडनमध्ये दुसऱ्या कुणाच्या दारात रांगोळी असणार होती? मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की विचारू नका. सासूबाई बिनधास्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊ लागल्या. सॉल्ट, टी, थँक्यू, सॉरी, चार शब्दांवर त्यांचा संसार झकास चालला.

एका सोमवारी मीठ संपलं. फोडणी चुलीवर, पोरं जेवायला यायची वेळ. सासूबाई म्हणाल्या, "आलेच मी." गेल्या. मी आमटी उतरवली, भात उतरवला. आल्या नाहीत. पापड भाजले. आल्या नाहीत. दार उघडून बाहेर पाहिलं तर कोपऱ्यापर्यंत कोणी नाही. आणि सहज नजर खाली गेली.

पायरी लख्ख पांढरी. रांगोळीचा मागमूस नाही.

आता ऐका. तिथल्या बायकांची रीत अशी, की दारापुढची पायरी घासायची आणि पांढऱ्या दगडाने सारवल्यासारखी करायची. जिची पायरी काळी ती बाई आळशी. आपल्याकडे सडा-रांगोळी, तसंच ते. आमच्या घरमालकिणीने त्या दिवशी त्यासाठी एक बाई धाडली होती. तिला वाटलं, ह्या परदेशी लोकांच्या पोरांनी पायरी रंगाने घाण केली. बिचारीने मन लावून घासून काढली. खूण धरायची ती हलणारी नको, हे काकांनी घसा कोरडा करून सांगितलं होतं, आणि मी खूण धरली ती चिमटीतल्या भुकटीची!

मी कोपऱ्यावरच्या दुकानाकडे धावले. दुकानदार म्हणाला, त्या केव्हाच गेल्या. म्हणजे एकेका पायरीवर रांगोळी शोधत त्या आमच्या दारावरून पुढे गेल्या, मग दुसरी रांग, मग तिसरी. हे टोपी घालून पोलीसठाण्याकडे धावले. माझ्या कानात दिरांचे शब्द. परत दिसायची नाही, परत दिसायची नाही. मी वाट फुटेल तिकडे पळणार होते, खरंच पळणार होते, पण ओट्यावरचा तो आवाज आठवला. सरळ न्हाय, घेर घेत. मी आधी आमच्या रांगेला वळसा घातला. मग दोन रांगांना. मग चार. नऊवारीचा काष्टा खोचून चपला फटफट करत मी घरांना प्रदक्षिणा घालत होते आणि लोक खिडक्या उघडून बघत होते. बघू देत म्हटलं. ग्रामदेवीला नारळ बोलले, साडी बोलले, आणखी काय काय बोलले ते आता आठवत नाही.

आणि एका मोठ्या रस्त्याच्या वळणावर कानावर आपली भाषा आली.

"अरं ए! हिकडं बग! गोमा काय रं तू?"

घोड्यांना पाणी पाजायचा एक लांब दगडी हौद होता. त्याच्या कडेवर आमच्या सासूबाई मांडी घालून बसलेल्या. मांडीवर मिठाची पुडी, हातात कुणीतरी दिलेला चहा, आणि तो त्या बशीत ओतून पीत होत्या. शेजारी उंच टोपीचा शिपाई, देवळापुढच्या द्वारपालासारखा. गोदीतून सुटलेले खलाशी रस्त्याने चालले होते, आणि जो जो काळासावळा दिसेल त्याला सासूबाई हाक मारत होत्या, "गोमा काय रं तू?" एक मलबारी हसून गेला. एक पगडीवाले सरदारजी थांबले, त्यांनी हात जोडले आणि "नहीं माताजी" म्हणाले.

मी जाऊन त्यांच्या गळ्यातच पडले. भर रस्त्यात ओक्साबोक्शी रडले. जीव असा भांड्यात पडला, असा पडला! आणि मग तोंड सुटलं. "असं कुणी करतं का? मी मेले असते ना!"

"रडतेस काय अशी?" सासूबाई शांत. "बसले व्हते की. येशीलच, ठाऊक व्हतं. जोम्यानं सांगितलं न्हवतं का?" मग पदराने माझे डोळे पुसले.

घरी येताना मी विचारलं, "गोमा कोण?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. गोमा हा जोमाकाकांचा पाठचा भाऊ. दोघं एकाच आगबोटीवर. ह्याच शहरात, धुक्याच्या दिवशी, दोघं फिरायला उतरले आणि हात सुटला. जोमा गोमाला शोधत फिरला, गोमाही जोमाला शोधत फिरला असणार. बोट सुटायची वेळ झाली. जोमाला वाटलं, पोरगं बोटीवर पोचलं असेल, म्हणून तो चढला. गोमा बोटीवर नव्हता. गाव म्हणालं मेला, कोणी म्हणालं मडमेशी लग्न लावून बसला, आणि मग गाव विसरलं.

"पन जोम्या इसरला न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "त्यानं मनाशी धरलं, आपन दोघं फिरलो म्हनून चुकामूक झाली. आता येकानं तरी बसलं पायजे. गोमाला जगात येकच घर ठाऊक, ते ओट्याचं. कधीबी आला, कुठल्याबी होडीनं आला, आन ओटा रिकामा दिसला तर? म्हनून हलत न्हाय तो. मी इचारलं व्हतं येकदा, तवा सांगितलंन. कुनाला सांगू नको म्हनाला, लोक हसतील."

मी रस्त्यातच थांबले. पाण्याला भितात म्हणून हसणाऱ्यांत मीही होते की.

"आणि तुम्ही त्यांना उठता-बसता दिघीवरून टोचता?"

"मंग काय करू?" सासूबाई एकदम चिडल्या. "भावाची वाट बगताना पोरगी जाती हाय हातची. नातीला आजा ठाऊक न्हाय. कुनीतरी बोलाया नको? मी बोलते म्हनून तो निदान चिडतो तरी." आणि मग चालता चालता हलकेच म्हणाल्या, "इंदे, तो तिथं बसला हाय. पन हितं कोनच बसलं न्हवतं गं त्याच्यासाठी. आज बसले तवा सुचलं मला."

त्यानंतर दर रविवारी जेवणाची भांडी आटोपली की सासूबाई त्या हौदावर जाऊन बसायच्या. मी सोबत जायची. तांदूळ निवडायला घेऊन यायच्या, हात रिकामे कशाला ठेवायचे म्हणून. थंडी असो, पाऊस भुरभुरो. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक खलाशाला एकच प्रश्न. पुढे पुढे खलाशीच लांबून हात हलवून सांगायचे, "नाही आजी, मी गोमा नाही!" गोमा भेटला नाही. तेवढं मी आधीच सांगून टाकते, उगाच आशा नको. पण घर सुटलेली कितीतरी पोरं त्या हौदावर घटकाभर टेकली, आणि सासूबाईंनी त्यांना खाणावळीत आणून आमटीभात घातला. ह्यांनी कपाळाला हात लावला.

दोन वर्षांनी मला दिवस गेले. बाळंतपण गावाला करायचं ठरलं, म्हणून सासूबाई मला घेऊन परतल्या. धक्क्यावर उतरलो. ओट्यावर जोमाकाका होते, तीच टोपी, तेच जाळं. टोपीखालचे केस मात्र सगळे पांढरे. आम्हाला पाहून लगबगीने उठले.

"सूनबाय! डब्याला मेन लावलेलं का?"

"लावलं नव्हतं," मी म्हटलं. "पण काका, आई हरवल्या होत्या. तुमचं ऐकून बसल्या, म्हणून सापडल्या."

त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. तो चेहरा मला अजून दिसतो. इतकी वर्षं सगळ्या जगाला सांगितलेला धडा, आणि त्याने कुणीतरी खरोखर सापडलं होतं! "बसलीस?" ते म्हणाले. "आन हलली न्हाईस?"

"न्हाय हलले. आन दर आयतवारी जाऊन बसले. तुज्या गोमासाठी." सासूबाईंनी ओट्याच्या पायरीवर बूड टेकलं. "गोदीवरनं येनाऱ्या येकेकाला इचारलं. न्हाय भेटला रं जोम्या. पन बसले व्हते मी."

काका बराच वेळ जाळ्याची गाठ चाचपत राहिले. मग डोक्यावरची टोपी काढली, तिने तोंड पुसलं आणि म्हणाले, "मला वाटायचं, मी येकलाच बसलो हाय."

"येकला न्हाईस. आता ऊठ. होडी सुटती हाय दिघीची."

"आन हितं?"

"हितं मी बसते."

"तुला वळखू येल तो?"

"शिमग्याला माझ्या तोंडाला शेण फासून पळालेला, त्याला मी इसरते व्हय? म्हातारा झाला असला तरी कान धरून बसवते त्याला, तू येईस्तवर. ऊठ म्हन्ते ना!"

पण उठतील ते जोमाकाका कसले! आधी सासूबाईंना ओट्यावर कसं बसायचं ते समजावलं. तोंड धक्क्याकडे. होडी लागली की उतरणाऱ्याचे पाय बघायचे, गोमा डाव्या पायावर जरा झुकून चालतो. दुपारी ऊन येतं तेव्हा पलीकडल्या खांबाला सरकायचं, पण उठायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "व्हय, व्हय, व्हय, मेल्या, होडी चुकंल." मी आत जाऊन त्यांना धुतलेलं धोतर आणून दिलं. होडीवाल्याला तर खरंच वाटेना. त्याने शिडावरचा हात काढला आणि वाकून त्यांना आत घेतलं. धक्क्यावर तोवर अर्धं गाव जमलं होतं. कोणी चिडवलं नाही. पोरांनीसुद्धा नाही.

होडी खाडीच्या मध्यावर गेली तेव्हा पलीकडल्या पांढऱ्या भिंतीपुढचा ठिपका हलायचा थांबला. मग तो धावत उतारावरून खाली येऊ लागला. माझ्या डोळ्यांना धारा. सासूबाई मात्र बघतच नव्हत्या. त्यांनी काकांचं जाळं मांडीवर ओढलं होतं आणि डोळे बारीक करून धक्क्याकडे लावले होते.

"इंदे, घरनं तांदळाचं सूप आन. हे जाळं काय मला जमत न्हाय."

दिवेलागणीच्या आत होडी परत आली. जोमाकाका उतरले ते हातात सुकटीची गाठोडी, धोतरावर नातीच्या चिखलाच्या हातांचे ठसे, आणि टोपी डोक्यावर नाही. नातीने ठेवून घेतली होती. ओट्यापाशी आले. इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं,

"कोन आलं व्हतं?"

"न्हाय आलं कोन," सासूबाई सूप झटकत म्हणाल्या. "उद्याबी जा."